ॲग्रीला नंबर लागलाय? मग आधी एक दोनशे पानी वही घ्या

दरवर्षी ॲडमिशनच्या राउंडची यादी लागली की वडूजमधनं ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, ताई ॲग्रीला, म्हणजे बीएस्सी ॲग्रीला, नंबर लागलाय, काय काय घेऊ, लय अवघड असतंय का, शेती नसली तर चालतंय का. मी आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते, पुढच्या वेळी सरळ हेच पाठवून देईन.

आधी माझं सांगते म्हणजे मी कुठनं बोलतेय ते कळेल. आमचं सातारा जिल्ह्यातल्या वडूजला झेरॉक्सचं दुकान आहे. गावाकडं ३० गुंठे रान, ते चुलते कसतात, सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मला ॲडमिशनच्या वेळी १२ टक्के वेटेज मिळालं, पण त्या बांधावर मी जायचे ते फक्त हुरड्याला. म्हणजे मी धड शेतकऱ्याची पोर पण नाय आणि धड शहरातली पण नाय. वर्गात गेल्यावर बघितलं तर दोन पार्ट्या पडलेल्या. एक शेतातली पोरं, ज्यांना वाटतंय की आपल्याला काय शिकवणार हे, आपण पाचवीपासनं पाणी धरतोय. दुसरी आमच्यासारखी, ज्यांना ज्वारी आणि मका लहान असताना वेगळी ओळखता येत नाय. आणि पहिल्या मिड सेमला दोन्ही पार्ट्या सारख्याच आपटल्या.

का तर, शेतातल्या पोराला हराळी माहीत असते पण सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणजे हराळी हे माहीत नसतंय, आणि आम्ही सायनोडॉन डॅक्टिलॉन पाठ करून जातो आणि प्लॉटवर, म्हणजे कॉलेजच्या रानात, सरांनी उपटून हातात दिली की तोंडाकडं बघत बसतो. पहिलं वर्ष म्हणजे खरं तर हेच आहे, दोन भाषा जुळवणं. म्हणून वही. दोनशे पानी, रेघांची, मध्ये उभी रेघ मारायची, डावीकडं घरचं नाव, उजवीकडं पुस्तकातलं. लव्हाळा, सायपेरस रोटंडस. काँग्रेस गवत, पार्थेनियम हिस्टेरोफोरस. केना, कॉमेलिना बेंगालेन्सिस. घोळ, पोर्टुलाका ओलेरासिया, ही तर आपण भाजी करून खातो आणि पेपरात ती तण म्हणून येते. मावा म्हणजे ॲफिड, तुडतुडे म्हणजे जॅसिड, तांबेरा म्हणजे रस्ट. माझी रूममेट तासगावकडची, त्यांची द्राक्षबाग, ती दावण्या दावण्या म्हणायची आणि मला वाटायचं हा कुठला वेगळाच रोग, तो डाउनी मिल्ड्यू निघाला. तिनंच एकदा घरनं पानं आणून दाखवली, दावण्याची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला आणि वर पिवळट तेलकट डाग, भुरी मात्र पानावर पिठासारखी पसरते. पुस्तकातल्या काळ्यापांढऱ्या फोटोत हे जन्मात कळलं नसतं. आणि हो, सायंटिफिक नाव हातानं लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ मारायची, एकच लांब रेघ मारली तर मार्क कट, पहिला शब्द कॅपिटलनं सुरू, दुसरा स्मॉल. हे कुणी सांगत नाय, डायरेक्ट कट करतात.

आता कागदपत्रांचं, हे पटकन उरकते. सातारा सांगली दोन्ही जिल्हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात येतात, १९६८ चं विद्यापीठ आहे. सरकारी कॉलेज कराडला आहे, शिवाय खाजगी भरपूर आहेत, पण डिग्री सगळ्यांची राहुरीचीच, त्यामुळं खाजगीला लागलं म्हणून रडत बसू नका, फी मात्र नीट बघा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमिलेअर किंवा जात वैधता जे लागू असेल ते, अल्पभूधारक दाखला, हे सगळं यादी लागायच्या आधीच काढून ठेवा, कारण यादी लागल्यावर तहसीलला सेतूत जी गर्दी होते ती बघून पोटात गोळा येतो. महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज फी शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता हे दोन वेगळे फॉर्म असतात, लय जण पहिला भरतात आणि दुसरा विसरतात. दुसऱ्यासाठीच तो अल्पभूधारक दाखला लागतो. मुलींनो, २०२४-२५ पासून आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे, त्यात कृषी पण येतंय, ऑफिसमध्ये जाऊन स्वतः विचारा, कुणी बोलवून सांगणार नाय. बँक खात्याला आधार लिंक आहे का ते बघा, माझं नव्हतं आणि माझा पहिला हप्ता त्यातच लटकला.

सामान काय घ्यायचं तर कमी घ्या. बूट मात्र जुने जाड सोलचे पाहिजेतच, पावसाळ्यात काळ्या रानात चप्पल घालून गेलात तर पाय बाहेर येतो आणि चप्पल रानातच राहते. टोपी, पाण्याची बाटली, ३० मीटरचा टेप ग्रुपमध्ये एक, आणि खिशात मावेल एवढी छोटी डायरी, कारण प्लॉटवर मोठी वही उघडली की वाऱ्यानं पानं उडतात.

वेळापत्रकात 3 (2+1) असं काहीतरी दिसेल, म्हणजे ३ (२+१), त्याला घाबरू नका. एकूण तीन क्रेडिट, त्यातले दोन थिअरीचे, एक प्रॅक्टिकलचं. थिअरीच्या एका क्रेडिटला आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकलच्या एकाला दोन तास. म्हणजे बघा, आकडा एकच दिसतो पण वेळ दुप्पट जातो, आणि पहिल्या वर्षाला विषय इतके की ॲग्रॉनॉमी, सॉइल सायन्स, हॉर्टिकल्चर, कीटकशास्त्र, हवामान, ग्रामीण समाजशास्त्र, शिवाय इंग्रजी कम्युनिकेशन, एनएसएस. बायोवाल्यांना मॅथ्सचा आणि मॅथ्सवाल्यांना बायोचा छोटा कोर्स पण असतोय, बारावीनंतर मॅथ्सपासनं सुटलो म्हणणाऱ्यांचा तिथं मूड जातो. सुरुवातीला दीक्षारंभ म्हणून ओळखपरेड टाइप कार्यक्रम असतो, तो बुडवू नका, तिथंच कळतं कुठल्या सरांचा प्लॉट कुठं आहे.

मॅथ्सवरनं आठवलं. हिशोब हा पहिल्या वर्षाचा खरा दुखरा भाग आहे आणि त्यात सगळ्यात आधी क्षेत्रफळ. घरी सगळं गुंठ्यात आणि एकरात, कॉलेजात सगळं हेक्टरमध्ये. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, ४० गुंठ्याचा एकर. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, साधारण अडीच एकर. सोपी ट्रिक अशी की सातबाऱ्यावर हेक्टर आर लिहिलेलं असतंय ना, त्यातला एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे १०१ च्या आसपास, तेव्हा आर आणि गुंठा जवळजवळ एकच धरा आणि १०० गुंठ्याचा हेक्टर. पेपरात बरोबर आकडा वापरा, पण डोक्यात अंदाज यायला हे पुरतं.

मग खताचा हिशोब. हे मी जरा सविस्तर सांगते कारण यात माझी लाज गेलीय. प्रॅक्टिकलला गणित होतं, सोयाबीनला हेक्टरी ५० किलो नत्र, ७५ स्फुरद, ४५ पालाश द्यायचंय, खतं युरिया, डीएपी आणि पोटॅश, किती किती लागतील. मी टकाटक सोडवलं. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणून ५० भागिले ४६ गुणिले १००, झाले १०८.७ किलो. डीएपीत ४६ टक्के स्फुरद, म्हणून १६३ किलो. पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, म्हणून ७५ किलो. वही घेऊन पहिली उठले. सरांनी बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, डीएपीतला डी काय झोपलाय का? तेव्हा ट्यूब पेटली, डीएपीत १८ टक्के नत्र पण असतंय. १६३ किलो डीएपीतनंच २९.३ किलो नत्र गेलं, राहिलं २०.७, त्याला युरिया लागतो फक्त ४५ किलो, आणि आजकाल युरियाचं पोतं बरोबर ४५ किलोचंच येतं. म्हणजे एक पोतं लागत होतं तिथं मी जवळपास अडीच पोती टाकली होती. सर म्हणाले, शेतकऱ्याचं दीड पोतं वाया आणि वर सोयाबीन नुसतं माजणार, शेंगा कमी. तर नियम असा, डीएपीसारखं डबल खत, म्हणजे एकात दोन अन्नद्रव्यं, असेल तर आधी त्याचा हिशोब, स्फुरदापासनं सुरुवात, मग उरलेलं नत्र युरियातनं. घरी जाऊन चुलत्यांना सांगितलं तर ते म्हणाले आम्ही तर दुकानदार देईल ते टाकतो. दुसऱ्या दिवशी परत फोन करून विचारलं, त्या डीएपीचं काय म्हणालीस गं.

रोपांची संख्या पण अशीच. ४५ बाय ५ सेंटिमीटरवर सोयाबीन टोकलं तर हेक्टरी रोपं किती, १०,००० भागिले (०.४५ गुणिले ०.०५), उत्तर ४,४४,४४४ येतं. सगळे चारच आले की पोरं घाबरतात, चुकलं वाटतं आणि खोडतात. खोडू नका.

मातीचा नमुना. घरनं एक नमुना आणा म्हणाले की स्वतः जाऊन घ्या. मी चुलत्यांना फोन केला, त्यांनी बिचाऱ्यांनी जवळ पडतंय म्हणून उकिरड्याशेजारनं पिशवी भरून एसटीतनं पाठवली. लॅबमध्ये सेंद्रिय कर्ब इतका आला की मॅडम म्हणाल्या हे रान विकत द्या मला. बरोबर पद्धत ही की शेतात नागमोडी चालत आठदहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, वीतभर खोल, कडेची माती वरनं खालपर्यंत सारख्या जाडीनं खरवडायची, बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, नुकतंच खत टाकलेली जागा टाळायची, सगळं एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, परत चार भाग, असं करत अर्धा किलो ठेवायची. सावलीत वाळवायची, उन्हात नाय. वाळवा-मिरज तालुक्यातली पोरं असतील वर्गात तर त्यांच्या नमुन्याकडं लक्ष द्या, कृष्णाकाठच्या कित्येक रानांत पाणी जादा होऊन क्षार वर आलेत, पांढरं फुटलेलं रान आपण नुसतं ऐकतो, तिथं क्षार मोजायच्या ईसी मीटरवर आकडा दिसतो. वहीत डावीकडं चोपण, उजवीकडं सोडिक सॉइल, आणि उपाय जिप्सम. पण नुसतं जिप्सम लिहून थांबू नका, पाण्याचा निचरा आधी, तो नसेल तर जिप्सम टाकून काय उपयोग नाय, व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हाच पुढचा प्रश्न असतो.

वाफशाचं, म्हणजे पेरणीजोग्या ओलीचं पण सांगते. फिल्ड कपॅसिटीची (जादा पाणी निचरून गेल्यावर मातीत जेवढं पाणी राहतं ती) व्याख्या मी घडाघडा म्हणून दाखवली, तर सर काय बोलले नाहीत, प्लॉटवर घेऊन गेले आणि म्हणाले आता या रानात पेरायचं का सांग. गप्प. मग त्यांनी मूठभर माती दाबली, गोळा झाला, कमरेएवढ्या उंचीवरनं सोडला तर फुटून भुगा झाला. शेजारच्या ओल्या वाफ्यातला गोळा तसाच चिखलासारखा पडला. सुट्टीत घरी आज्जीला विचारलं वाफसा कसा ओळखायचा, ती म्हणाली पायाला माती चिकटत नाय आणि ढेकूळ बोटानं फुटतंय तवा. पुस्तकातली फिल्ड कपॅसिटी आणि आज्जीचा वाफसा तंतोतंत एक नाय, पण वहीत दोन्ही समोरासमोर लिहिले आणि त्यानंतर ती व्याख्या कधी विसरले नाय.

हवामानाच्या वेधशाळेत पोरं टाइमपास करतात, करू नका. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, थर्मामीटर ठेवायच्या पेटीचं, म्हणजे स्टिव्हन्सन स्क्रीनचं, दार उत्तरेला असतं कारण रीडिंग घेताना ऊन आत थर्मामीटरवर पडायला नको. मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे सूर्यप्रकाश मोजायचा काचेचा गोळा. त्याच्या मागं कागदी पट्टी असते, ऊन पडलं की गोळ्यातनं ती जळत जाते. ढगाळ दिवशी पट्टी बघायची, कुठंतरी बोटाच्या पेराएवढं जळकं, मग कोरं, मग परत जरासं. तेवढा वेळ ऊन पडलेलं. आमच्या जिल्ह्याचं तर काय सांगावं, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर आणि आमच्या माण खटावला पाचशेच्या आसपास, एकाच कलेक्टरच्या हाताखाली. व्हायव्हाला पर्जन्यछायेचं उदाहरण मागितलं तर लांब जाऊ नका, आपल्याच जिल्ह्याचं सांगा.

आता कीटकसंग्रह. यात सगळे रडतात कारण सगळे शेवटच्या आठवड्यात उठतात. मी हुशारी केली, जूनला वळवाचा पाऊस पडल्यावर चुलत्यांबरोबर संध्याकाळी बॅटरी घेऊन लिंबाखाली गेले. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतनं निघतात आणि लिंब, बाभळीवर पाला खायला बसतात. चुलत्यांनी फांदी हलवली तर पाऊस पडल्यासारखे टपाटपा पडले. शेतकरी ते रॉकेलच्या पाण्यात टाकतात, मी डबीत भरले, ३२ मोजले, म्हटलं झालं आपलं काम. कॉलेजात मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, हा एक कीटक झाला, बाकीचे एकतीस कुठायत? एक जात म्हणजे एकच नमुना. तर वेगवेगळे ऑर्डर, म्हणजे कीटकांचे गट, गोळा करा, एका झाडावर तुटून पडू नका. फुलपाखरं आणि पतंग फुलांवर आणि लाइटखाली, ढेकूणवर्गी पिकावर, नाकतोडे बांधावर, चतुर पाण्याजवळ. मक्यावर गेलात तर अमेरिकन लष्करी अळी बघून या, डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडं चौकोनात चार ठिपके, ती २०१८ मध्ये आपल्या देशात पहिल्यांदा सापडली आणि आता पोंग्यात हमखास असते. पिन मारायची जागा पण ठरलेली असते, भुंगेऱ्याला उजव्या कडक पंखावर, फुलपाखराला छातीच्या मधोमध. मारायला सायनाइडची बाटली कुठला सीनियर देतो म्हणाला तर नको म्हणा, इथाइल ॲसिटेटवर काम होतं. आणि पेटीत डांबरगोळ्या टाकायच्याच. माझ्या मैत्रिणीनं टाकल्या नाहीत, सबमिशनच्या सकाळी पेटी उघडली तर नुसत्या पिना आणि लेबलं उभी, बाकी सगळं मुंग्यांनी नेलेलं.

हर्बेरियमचं, म्हणजे दाबून वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाचं, एवढंच, पावसाळ्यात रद्दीचा कागद रोज बदला, नाहीतर बुरशीचा संग्रह होतो आणि तो विषय पुढच्या वर्षी आहे.

प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड त्याच आठवड्यात लिहा आणि सही घ्या. सरांची बदली झाली, मॅडम रजेवर गेल्या, मग सही कुणाची घेणार. सीनियरचं रेकॉर्ड बघून आकडे उतरवू नका, मागच्या वर्षीचा पाऊस यंदाच्या तारखेला टाकलेली पोरं मी बघितलीत.

सुट्टीत घरी जाताना वाट वाकडी करा. सांगलीजवळ कसब्या डिग्रजला संशोधन केंद्र आहे, सोयाबीनच्या पिशवीवर केडीएस लिहिलेलं असतंय ते त्याच गावाचं नाव, फुले संगम म्हणजे केडीएस ७२६, फुले किमया म्हणजे केडीएस ७५३. फलटणकडं पाडेगावला ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आहे, फुले २६५ म्हणजे कोएम ०२६५ तिथला. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघा, हरिपूरला जमिनीखालची पेवं होती हळद साठवायची, २००५ च्या पुरात लय गेली. तासगावला बेदाण्याचा सौदा. सांगलीची हळद आणि बेदाणा दोन्हीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आणि आमच्या साताऱ्याच्या वाघ्या घेवड्याला पण, हे सांगायचं राहायला नको. नोव्हेंबरात कराडला कृषी प्रदर्शन भरतं, तिथं नुसतं माहितीपत्रकं गोळा करत फिरू नका, एका स्टॉलवर थांबून शेतकरी काय प्रश्न विचारतायत ते ऐका आणि घरी आल्यावर वहीत लिहा.

एमपीएससीचं पहिल्या वर्षालाच डोक्यात घेऊन लायब्ररीत डांबून घेणारे असतात. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष प्लॉटवर घालवा, तो अभ्यास नंतर करता येतो, ज्वारीला कणीस निसवताना बघणं मात्र सीझन गेला की गेलं. हॉस्टेलवर कुणी त्रास दिला तर लगेच वॉर्डनला आणि अँटी रॅगिंगला कळवा, सीनियरची मस्करी म्हणून सोडून देऊ नका. इंग्रजी जमत नाय म्हणून व्हायव्हाला गप्प बसू नका, मराठीत सांगू का विचारा, बहुतेक सर हो म्हणतात.

आणि ॲडमिशनच्या दिवशी शाळा सोडल्याचा ओरिजिनल दाखला एकदा जमा केला की तो डिग्री होईपर्यंत हातात येत नाय, त्यामुळं द्यायच्या आधी त्याच्या पाच कॉप्या काढून ठेवा. वडूजचे असाल तर आमच्याच दुकानात या, ॲग्रीला चाललोय म्हणून सांगा, बाबा वहीवर रेघ मारून देतील.